जावईबापूंची आंघोळ

घोडा चमकवावा तर मामानंच. असं मामाच म्हणायचा, पण ते खोटं नव्हतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या तबेल्यात सतरा घोडे आणि त्यांची निगा राखणारे चार मोतद्दार होते. बाकीच्या तिघांनी खरारा केलेला घोडा स्वच्छ दिसायचा. मामानं केलेल्या घोड्यासमोरून जाताना लोक स्वतःचे केस नीट करायचे.

वय अठ्ठावन्न, अंग पिळून वाळत घातलेल्या टॉवेलसारखं, मिशी मात्र दोघांना पुरून उरेल एवढी. तबेल्यात सगळेच त्याला मामा म्हणायचे, त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या मालकीणबाईसुद्धा. मामाचं त्याला काही म्हणणं नसायचं. आपली कला कुणी चोरू नये, एवढंच त्याचं म्हणणं. विद्या दिल्यानं वाढते असं शाळेत शिकवतात खरं, पण मामा चौथीनंतर शाळेत गेलाच नव्हता, आणि तो धडा बहुधा पाचवीत असावा. शेपटीला कुठलं तेल लावतोस, खुरांना काय चोळतोस, असं कुणी विचारलं की मामा आपला उजवा पंजा पुढे करायचा आणि म्हणायचा, "हाताचा गुण!" लंबू नावाचा एक ताडमाड मोतद्दार सहा वर्षं त्याच्या शेजारी काम करत होता. मामाकडून तो आजवर एकच गोष्ट शिकला होता: मामाच्या मागे उभं राहू नये, कोपर लागतं.

मामाचा लाडका घोडा म्हणजे जावईबापू. पाटीवर त्याचं नाव दुसरंच होतं, लांबलचक आणि परदेशी, पण ते म्हणून होईपर्यंत घोडा फाटकाबाहेर पोचायचा. जावईबापू हे नाव मामीनं ठेवलेलं. मामीला दोन मुलगेच, मुलगी नाही. नऊ वर्षांपूर्वी हा पांढरा घोडा तबेल्यात आला आणि नवरा रोज जेवताना सांगायला लागला, की आज त्याला गाजराचे तुकडे मोठे वाटले, आज त्यानं गवत हुंगून सोडून दिलं, आज तर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मामीनं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी कपाळाला हात लावला.

"मुलगी नाही म्हणून सुटले म्हटलं, तर हा जावई आलाच की माझ्या नशिबी!"

तिनं त्या जावयाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तबेला घरापासून वीस मिनिटांवर, पण ती म्हणायची, "त्याचा वास मी रोज तुमच्या शर्टातून धुते. तेवढी ओळख पुरे."

जावईबापू मूळचे शर्यतीतले. त्यांना पोचवायला जो म्हातारा मोतद्दार आला होता, त्यानं जाताना मामाला बाजूला घेऊन एक गुपित सांगितलं. शर्यतीच्या घोड्याची लघवी तपासायला घेतात. आता तो काय बाटली घेऊन रांगेत उभा राहणार आहे? म्हणून शिंगरू असल्यापासूनच त्याला सवय लावतात. तो लघवी करायला लागला की शेजारी उभं राहून शीळ घालायची. असं महिनोन्‌महिने केलं की पुढे नुसती शीळ ऐकली तरी घोडा मुततो. "पण ठाणावरच हं," म्हातारा म्हणाला होता, "खाली मऊ गवत असताना. दगडावर कधी सांगू नकोस. पायांवर शिंतोडे उडतात, ते घोड्याला अजिबात खपत नाही."

मामानं ते कानात साठवलं आणि वर बूच लावलं. संध्याकाळी जुनं गवत काढायच्या आधी तो ठाणावर जायचा, इकडेतिकडे बघून हळूच एक लांब शीळ घालायचा, जावईबापू आपलं काम उरकायचे आणि मग मामा वर नवं कोरडं गवत पसरायचा. बाकीच्यांची ठाणी सकाळी चिखल झालेली, मामाचं मात्र कोरडं ठणठणीत. लंबू विचारून थकला. मामानं पंजा दाखवला. ही गोष्ट त्यानं सगळ्या जगात फक्त मामीला सांगितली होती, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय गुपिताला मजा नसते.

तर असा हा घोडा. एकच खोट. पाणी चालायचं नाही.

आंघोळीला म्हणून त्याला नळाजवळच्या दगडी फरशीवर न्यायचं. तिथपर्यंत ठीक. मामा बादली भरायचा, पहिला तांब्या हातात घ्यायचा, आणि जावईबापूंचे कान सपाट मागे जायचे. मागचे पाय फाकायचे, पाठ ताणली जायची, सगळं अंग थरथरायचं. मग एकदम मान झटकून स्वारी निघायची ती बादली उडवत, दोर धरलेल्या मामाला फरफटत, थेट आपल्या ठाणावर. तिथे पोचल्यावर गवतात उभं राहून आधी घळाघळा मुतायचं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात गवत खायला लागायचं.

"घाबरतो हो," मामा अंगावरचं पाणी निपटत सांगायचा. "पाणी बघून मुतायला होतं बिचाऱ्याला. आणि हट्टी तर असा, की विचारू नका."

हे असं का, याची मामाकडे कारणं तयार होती. लहान मुलं विचारायला आली तर शिंगरू असताना तो नदीत वाहून गेला होता. पालकांनी विचारलं तर एका दारुड्या मोतद्दारानं त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. एकदा एका हळव्या बाईंना त्यानं सांगितलं, की याची आई पुरात गेली, आणि त्या बाई दर रविवारी जावईबापूंसाठी सफरचंद आणायला लागल्या. त्यातलं निम्मं मामाच खायचा. कुणीतरी चौकस माणूस म्हणालाच एकदा, "पण मामा, पावसात तर हा तासन्‌तास खुशाल उभा असतो की!" मामानं मिशीवर हात फिरवला. "पाऊस देवाचा. बादली माणसाची. जनावराला फरक कळतो."

पण पांढरा घोडा म्हणजे पांढरा सदरा घातलेलं पोर. रात्री लोळणार शेणात आणि सकाळी अंगावर नकाशे. पाण्याशिवाय ते काढायचे कसे? मामानं त्यावर तोड काढली होती. गव्हाचा कोंडा तव्यावर गरम करायचा, हाताला सोसेल इतपत निववायचा आणि अंगाला रगडायचा. कोंडा सगळा मळ आणि तेलकटपणा ओढून घेतो. मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. तास-दीड तास लागायचा, मामाचे खांदे भरून यायचे, पण घोडा असा निघायचा की बघत राहावं. नऊ वर्षं जावईबापूंच्या अंगाला पावसाशिवाय पाणी लागलं नव्हतं आणि तरी तबेल्यातला सगळ्यात देखणा घोडा तोच होता. हट्टी घोडा आणि हुशार मामा, असं ते समीकरण मामाला मनापासून पसंत होतं.

घरी मात्र हुशारीला कुणी विचारत नव्हतं. घरी मामावर आरोपच फार. तुम्ही घोरता. तुम्ही ओला टॉवेल गादीवर टाकता. झोपेत "चल राजा, पाय उचल" म्हणता आणि मला लाथ मारता. आंघोळीला बसलात की शीळ घालता, शेजारी ऐकतात. मामाला यातलं काहीच मान्य नव्हतं. "मी? शीळ? काहीतरीच काय!" तो म्हणायचा. खरं सांगायचं तर लहानपणी त्याची आई त्याच्या डोक्यावर गार पाण्याची घागर उपडी करायची, तेव्हापासून गार पाण्याचा त्याला धसका होता. अंगावर थेंब पडला की श्वास अडकायचा, आणि तो सोडवायला ओठांचा चंबू आपोआप व्हायचा. पण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधी ऐकू आलंय का? एकतीस वर्षं हा वाद चालला होता आणि दोन्ही बाजू ठाम होत्या.

मग जावईबापूंना खाज सुटली.

आधी आयाळीखाली, मग पाठीवर, मग पोटाला. खपल्या धरल्या, केस गळायला लागले, घोडा भिंतीला अंग घासून घासून रक्त काढायला लागला. मामानं कोंडा रगडला तर खाज आणखीच वाढली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं की कातडीचा रोग आहे, एकाचा दुसऱ्याला लागणारा. औषधाचं पाणी अंगावर ओतून पूर्ण आंघोळ घालायची, डोक्यापासून खुरांपर्यंत, आणि ती तीनदा. नुसतं पुसून चालणार नाही.

"आंघोळ?" मामा म्हणाला.

"आंघोळ," डॉक्टर म्हणाले. "पाण्यानं करतात ती."

मालकीणबाई वाईट नव्हत्या. पण सोळा घोडे आणखी होते, आणि त्यांतल्या एकानं भिंतीला अंग घासायला सुरुवात केली असती तर तबेला बंद करावा लागला असता. त्यांनी मामाला आपल्या खोलीत बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मामा, शनिवारी डॉक्टर औषध घेऊन येतील. तोवर तो पाण्याखाली उभा राहायला हवा. नाही राहिला, तर मी दलालाला गाडी घेऊन बोलावलंय. मला ठेवता येणार नाही."

"दलाल कुठे नेईल बाई त्याला?"

सोळा वर्षांचा, खरूज लागलेला, आंघोळ न करणारा घोडा कुणी बसायला घेत नाही, हे मामाला काय कुणी सांगायला हवं होतं?

सोमवारी मामानं एका तांब्यानं सुरुवात केली. पुढच्या पायावर नुसतं चार थेंब, म्हटलं सवय होईल. घोडा ठाणावर, मामा चिखलात. मंगळवारी त्यानं डोळ्यांना फडकं बांधून बघितलं. म्हणजे घोड्याच्या. तरी जावईबापूंना आपलं ठाण बरोबर सापडलं, वाटेत त्यांनी लंबूची सायकल तेवढी आडवी केली. बुधवारी मामा लाडीगोडीवर उतरला. एका हातात गाजर, दुसऱ्या हातात ओला स्पंज, ओठांचा चंबू, दबकी पावलं, चोर शिरावा तसा तो मागून आला. घोड्यानं गाजर खाल्लं, कान पाडले, पाठ ताणली आणि गेला. गुरुवारी तिघे मोतद्दार दोर धरायला घेतले, मामानं नळी धरली. आंघोळ छानच झाली. चौघांची झाली.

संध्याकाळी मामा ठाणावर घोड्यासमोर पाटावर बसला. हात जोडणंच बाकी होतं, तेही जोडले.

"अरे, का माझा अंत बघतोस? दोन तांबे पाणी रे. विष आहे का ते? परवा गाडी येतेय, कळतंय का तुला?"

जावईबापूंनी त्याच्या टोपीचा वास घेतला आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. खरूज लागलेली ती जड मान मामानं तशीच राहू दिली. पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत तो हलला नाही.

घरी येऊन तो जेवला नाही. मामीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताटच समोर आदळलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मामीनं एकही आरोप न करता त्याच्या ताटात तूप वाढलं. ही मोठीच गोष्ट होती.

शुक्रवारी घरात मामाचा एकही कपडा सुका राहिला नव्हता. दोरीवर चार दिवसांचे शर्ट-पँट ओथंबत होते आणि मामा मोठ्या मुलाची ढगळ पँट घालून, दोन वेळा शिंकून तबेल्यात गेला होता. दुपारी मामीनं इस्त्रीखाली एक जोड कसाबसा वाळवला, पिशवीत घातला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तबेल्याची वाट धरली. म्हटलं, जावई जायचाच असेल तर एकदा तोंड तरी बघावं.

ती फाटकातून आत आली तेव्हा फरशीवर जावईबापू एकटेच उभे होते, दोर खांबाला सैल गुंडाळलेला. अंगावर खपल्या होत्या, पण मान अशी की राजाची.

"अगं बाई," मामी स्वतःशीच म्हणाली, "हा तर देखणा आहे!"

मामा नळापाशी पाठमोरा बादली भरत होता. लंबू आणि दुसरे दोघे भिंतीआड सुरक्षित अंतरावर उभे होते. मामीला काही घाई नव्हती, ती पिशवी पोटाशी धरून बघत राहिली. घोडा शांत होता. नळ धो धो वाहत होता तरी शांत होता. बादलीत पाणी उसळत होतं, त्याकडे तर तो मान वेळावून बघत होता. मग मामानं बादली उचलली, ती हिंदकळली, गार पाणी त्याच्या पोटरीवर सांडलं, आणि मामाच्या तोंडून ती आली. लांब, बारीक, थरथरती. मामीनं एकतीस वर्षं न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकलेली.

घोड्याचे कान सपाट झाले. पाय फाकले. पाठ ताणली.

"अहो!" मामी ओरडली. "शीळ कशाला घालताय?"

मामा दचकला. "तू इथे कशी? आणि कोण शीळ घालतंय?"

"तुम्ही!"

"हे बघ, घरातलं भांडण इथे नको."

भिंतीआडून लंबूचं डोकं वर आलं. "मामा, घालता की तुम्ही. दरवेळी घालता. आम्हाला वाटायचं, घोडा शांत व्हावा म्हणून मुद्दाम घालत असाल. तुमची कला आपली. आम्ही कशाला विचारतोय?"

मामा आळीपाळीनं दोघांकडे बघायला लागला. मामीनं पिशवी खाली ठेवली आणि ती पुढे आली.

"तुम्हीच मला सांगितलं होतं ना? शीळ ऐकली की तो मुततो म्हणून? आणि दगडावर म्हणे काही झालं तरी मुतत नाही, पायावर उडतं म्हणून?"

तेवढ्यात जावईबापूंना आणखी थांबणं अशक्य झालं. दोराचा सैल वेढा सुटला, स्वारी टापा वाजवत ठाणावर गेली, आणि आतून तो ओळखीचा घळाघळा आवाज आला. सगळे तो आवाज संपेपर्यंत ऐकत उभे राहिले. बराच वेळ चालला.

मामानं बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर नऊ वर्षं उलटी फिरत होती. पाण्याला भ्यायला नव्हताच तो. ज्या माणसावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास, तो माणूस त्याला फरशीवर उभा करून सांगत होता, मूत. आणि दगडावर ते जमत नाही म्हणून तो बिचारा त्या माणसाला घेऊन, अक्षरशः ओढत घेऊन, जिथे जमतं तिथे जात होता आणि सांगितलेलं काम करून दाखवत होता. दरवेळी. एकदाही चुकला नव्हता. आणि मामा त्याला हट्टी म्हणत होता, त्याच्या मेलेल्या आईच्या नावानं सफरचंदं खात होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" मामी म्हणाली, पण हळू म्हणाली.

"मी नाही गं घालत," मामा पुटपुटला. "म्हणजे, मला नाही कळत. आपोआप होतं."

"ते मी एकतीस वर्षं सांगतेय."

घोड्याला परत आणलं. मामानं ओठ घट्ट मिटले, दात दाबले, तांब्या उचलला. दोन थेंब मनगटावर पडले आणि ओठांचा चंबू झालाच. पुन्हा केलं, पुन्हा झालं. तिसऱ्यांदा त्यानं मिशीच तोंडात धरून बघितली. मिशीतूनही शीळ आली, जरा फाटकी आली. लंबूनं तोंडात बोळा घालायचं सुचवलं. मामीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो परत भिंतीआड गेला. मग तिनं नळाखाली तांब्या धरला आणि नवऱ्यापुढे केला.

"घ्या. तोंडात भरा."

"पिऊ?"

"प्यायचं नाही. धरून ठेवायचं. लोक मिठाची गुळणी धरून बसतात ना, तुम्ही साध्या पाण्याची धरा. बघू आता कुठून वाजते शीळ."

मामानं गाल फुगवले. मिशीखाली दोन लिंबं ठेवल्यासारखं दिसत होतं. त्यानं तांब्या उचलला आणि जावईबापूंच्या पुढच्या पायावर पाणी ओतलं. गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ओठ चंबूसाठी वळवळले, पण आत पाणी, हवा येणार कुठून? नुसतं नाकातून "हुं" झालं.

घोड्यानं खाली वाकून आपल्या पायाकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. आणि उभा राहिला.

खांद्यावर दुसरा तांब्या. मानेवर तिसरा. कान पुढेच. मामानं नळी घेतली आणि पाठीवर धार सोडली. जावईबापूंनी डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबकळत सोडला आणि एक लांब सुस्कारा टाकला. पोटाखालून तपकिरी पाणी वाहायला लागलं, थांबेचना. नऊ वर्षांचा कोंडा आत कुठे कुठे बसला होता कोण जाणे! मग घोड्यानं मान वळवून नळीचं तोंडच ओठांत धरलं आणि पाणी प्यायला.

मामाला रडू आलं. पण रडायलाही तोंड लागतं, आणि तोंड भरलेलं. फुगलेल्या गालांवरून डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं, नाकातून हुं हुं चाललं होतं, आणि हात मात्र सफाईनं आयाळ धुत होते. मामी बाजूला उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. भिंतीआडून तिघे हळूहळू बाहेर आले होते. कुणी बोलत नव्हतं, न जाणो आपल्याच तोंडून शीळ निघायची.

शनिवारी दहा वाजता डॉक्टर औषध घेऊन आले. फाटकाबाहेर दलालाची गाडी उभी राहिली, मागची फळी खाली पाडलेली. मामानं त्या फळीकडे एकदाच बघितलं, गुळणी भरली आणि घोडा फरशीवर आणला. डॉक्टरांनी औषध कालवलं, मामानं ओतलं, डोक्यापासून खुरांपर्यंत, एक बोटभर जागा सोडली नाही. औषधाला घाण वास होता. जावईबापूंनी एकदा नाक फेंदारलं, बाकी तक्रार नाही.

मालकीणबाई ओट्यावरून बघत होत्या. आंघोळ झाली तशा त्या खाली आल्या, घोड्याच्या ओल्या कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाल्या, "मामा, नऊ वर्षं जे झालं नाही ते एका आठवड्यात कसं केलंत?"

सगळे मामाकडे बघायला लागले. लंबूनं तर मान लांब केली. मामाला पंजा दाखवता आला असता. हाताचा गुण म्हटलं असतं तर डॉक्टरांनी पाठ थोपटली असती, आणि लंबू काही बोलला नसता. मामी तर तिथे नव्हतीच. त्याचा उजवा हात सवयीनं अर्धा वर आलासुद्धा. मग त्याला जावईबापूंचं डोळे मिटलेलं तोंड दिसलं, आणि तो हात खाली गेला.

मामानं गुळणी गिळली. ती एव्हाना कोमट झाली होती.

"बाई, घोड्याची चूक नव्हती. माझी होती. तो नऊ वर्षं माझं ऐकत होता. मीच काय बोलतोय ते मला ऐकू येत नव्हतं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्या मोतद्दाराचं गुपित, संध्याकाळची शीळ, कोरडं ठाण, आईची घागर, सगळं. डॉक्टर आधी हसले. बाई ओट्याच्या पायरीवर बसूनच हसल्या. लंबूच हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे ठाण कोरडं राहायचं ते यामुळे? आणि मी सहा वर्षं चिखल उपसतोय?" मामा म्हणाला, "संध्याकाळी ये. तुझ्या घोड्यालाही सवय लावू. कोंडा किती तापवायचा तेही दाखवतो." लंबूला आधी ते खरंच वाटेना.

दलालाच्या माणसानं फळी उचलून लावली आणि गाडी रिकामी नेली. मामा ती वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा होता.

रविवारी सुट्टी. मामा सकाळी घरी आंघोळीला बसला. दोन दिवसांच्या सवयीनं म्हणा किंवा जपून राहिलेलं बरं म्हणून, त्यानं आधी गुळणी भरली आणि मग अंगावर तांबे ओतायला सुरुवात केली. पाण्याचा आवाज येत होता, दुसरा काही नाही. मामी स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मळता मळता तिचे हात थांबले.

"अहो?"

आतून काही नाही.

"अहो, ऐकलंत का?" ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारावर थापा मारायला लागली. "बोला ना! पडलात की काय?"

"हुं," आतून आलं. "हुं हुं."

"हुं काय हुं? एकतीस वर्षं माझी सकाळ त्या शिळेवर होते! ती ऐकू आली की मी म्हणते, चला, माणूस आत धड आहे. आज ती नाही, तर माझ्या छातीत धस्स झालं. थुंका ते पाणी आधी!"

आत गुळणी टाकल्याचा आवाज आला. मग मामा घसा खाकरून म्हणाला, "पण मी शीळ घालतच नाही म्हटल्यावर..."

"नका घालू. नुसतं पाणी ओता."

मामानं गार पाण्याचा तांब्या डोक्यावर उपडा केला. शीळ आली, लांबलचक, शेजाऱ्यांपर्यंत जाईल अशी. मामीनं दारावर उमटलेले पिठाचे हात पदरानं पुसले आणि ती परत पीठ मळायला गेली.